विश्लेषण : थंडीत एसीची ऊब, कोकणात गरज किती, खर्च किती?

डिसेंबर-जानेवारीत पेण तालुक्यातील जिते, हमरापूर, जोहे या पट्ट्यात पहाटे चांगलाच गारवा असतो आणि दुपारी पंखा लावावा लागतो. एरवी अशा थंडीला गोधडी पुरते. पण घरात बाळंतीण, तान्हे मूल किंवा दम्याचे आजारी आजोबा असतील तर खोली उबदार ठेवावी लागते. त्यासाठी आजही अनेक घरांत कोळशाची शेगडी पेटते, तर काही घरांत ‘हॉट अँड कोल्ड’ एसी आला आहे. या एसीचा उपयोग कोणाला, वीज किती लागते आणि निगा कशी राखायची, याचा हा आढावा.

एसी गरम हवा कशी देतो?

फ्रिजच्या मागे किंवा बाजूला हात लावला तर तो भाग गरम लागतो. आतल्या वस्तूंची उष्णता काढून फ्रिज ती बाहेर टाकत असतो. एसीही उन्हाळ्यात खोलीतील उष्णता बाहेर नेतो. ‘हॉट अँड कोल्ड’ एसीमध्ये एक जादा झडप असते. ती फिरली की गॅसचा प्रवाह उलटतो आणि यंत्र बाहेरच्या हवेतील उष्णता गोळा करून खोलीत आणते. बाहेर १६ अंश तापमान असले तरी त्या हवेत उष्णता असतेच. यालाच ‘हीट पंप’ म्हणतात. ही कल्पना जुनी आहे. स्वित्झर्लंडमधील झुरिचच्या नगरभवनात १९३८च्या सुमारास नदीच्या पाण्यातील उष्णता घेऊन इमारत गरम करणारा हीट पंप बसवण्यात आला होता. कडाक्याच्या थंडीच्या नॉर्वेतही आज हीट पंप घरोघरी दिसतात.

हीटरपेक्षा वीज कमी लागते का?

हो, बरीच कमी. कॉइलचा हीटर एक युनिट विजेतून एक युनिटच उष्णता देतो. एसी उष्णता निर्माण करत नाही, वाहून आणतो. त्यामुळे एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते. बाहेरची हवा जितकी सौम्य, तितके यंत्राचे काम सोपे. म्हणजे हीट पंप उत्तम चालतो तो कोकणासारख्या हवेत, आणि त्याची गरज सर्वांत कमी पडते तीही तिथेच.

मग खास त्यासाठी एसी घ्यावा का?

एक हिशेब मांडून पाहता येतो. जिते येथील एका खोलीला वर्षात २० रात्री, रोज चार तास, एक किलोवॉट उष्णता लागते असे समजू. हीटरला ८० युनिट लागतील, एसीला सुमारे २७. वाचले ५३ युनिट. दहा रुपये युनिट धरले तर वर्षाला ५३० रुपये. ‘हॉट अँड कोल्ड’ यंत्रासाठी पाच हजार रुपये जादा मोजले असतील तर ते वसूल व्हायला नऊ वर्षांहून अधिक काळ लागेल.

हाच हिशेब नाशिक जिल्ह्यातील निफाडला वेगळा येतो. तिथे ६० रात्री, सहा तास आणि दीड किलोवॉटची गरज धरली तर हीटरला ५४० युनिट आणि एसीला १८० युनिट लागतात. वर्षाला ३,६०० रुपये वाचतात आणि जादा किंमत दीड वर्षात निघते. म्हणून निफाडचा सल्ला जित्याला लागू पडत नाही. नवा एसी घ्यायचाच असेल आणि घरात ऊब लागणारे माणूस असेल, तर जादा पैसे देण्याला अर्थ आहे. चालू स्थितीतील जुना एसी काढून त्याजागी असे यंत्र बसवण्यात नाही.

नेमकी कोणाला गरज आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनुसार थंडीत घरातील तापमान किमान १८ अंश असावे. वृद्ध, लहान मुले आणि आजारी व्यक्तींना त्याहून थोडे अधिक लागू शकते. कोकणातील स्लॅबच्या घरात दारे-खिडक्या लावल्यावर इतके तापमान बहुतेक रात्री आपोआप राहते. पत्र्याच्या किंवा कौलारू घराचे तसे नसते. छपरातून ऊब निघून जाते आणि एसी लावला तरी तापलेली हवा वर जाऊन कौलांच्या फटींतून बाहेर पडते. अशा घरात आधी छत किंवा जाड पडदा, मग यंत्र. थंडी कधीतरी अनपेक्षितपणेही वाढते. मुंबईत सांताक्रूझला जानेवारी १९६२ मध्ये पारा ७.४ अंशांवर उतरला होता.

शेगडीचे काय?

यातला सर्वांत गंभीर मुद्दा हाच आहे. बाळंतिणीला शेक आणि बाळाला धुरी देण्याची पद्धत अजूनही आहे. पूर्वीच्या घरांत वारा खेळत असे. एसीसाठी फटी बुजवलेल्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवली तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. झोपलेल्या माणसाला तो कळतच नाही आणि जीव जाऊ शकतो. एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा फिरवतो. त्यामुळे एसी सुरू असला तरी हा धोका टळत नाही. बंद खोलीत झोपताना शेगडी नको, हा नियम आजीलाही पटवून द्यायला हवा. बाळंतिणीच्या खोलीला ऊब हवी असेल तर एसी किंवा साधा विजेचा हीटरही निखाऱ्यांपेक्षा सुरक्षित.

आपला एसी गरम हवा देतो का, कसे ओळखावे?

रिमोटवर सूर्याचे चिन्ह आहे एवढ्यावर भरवसा ठेवू नये. एकच रिमोट अनेक मॉडेलना दिला जातो. माहितीपुस्तिकेत ‘हीट पंप’ किंवा ‘हॉट अँड कोल्ड’ असा उल्लेख शोधावा. फक्त थंड करणाऱ्या एसीवर ३० अंश लावले तरी गरम हवा येत नाही. पंखा तेवढा फिरतो. हीटिंग असलेल्या यंत्रातही सुरुवातीची काही मिनिटे हवा येत नाही. आतली कॉइल तापेपर्यंत गार झोत लागू नये म्हणून यंत्र थांबलेले असते. तो बिघाड नव्हे.

वापरताना काय करावे?

तापमान २० ते २२ अंश पुरे. गरम हवा वर जाते, म्हणून झोताची पट्टी खाली वळवावी. मात्र तो थेट बाळाच्या अंगावर येऊ देऊ नये. रात्रभर चालू ठेवण्याऐवजी झोपण्यापूर्वी तासभर आणि पहाटे तासभर टायमर लावावा. महावितरणच्या घरगुती बिलात १०० आणि ३०० युनिटच्या पुढे दर चढतात, हे लक्षात ठेवावे. हीटिंग सुरू असताना पाणी बाहेरच्या युनिटमधून ठिबकते. तिथे निचऱ्याची नळी नसेल तर इमारतीत खालच्या मजल्याशी भांडण ठरलेलेच.

निगा कशी राखावी?

जिते परिसरात यंत्राचे शत्रू दोन : खाडीकडून येणारी खारी हवा आणि धूळ. महामार्गाची धूळ असतेच, शिवाय हमरापूर-जोहेतील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत प्लास्टर आणि रंगाची बारीक भुकटी उडते. अशा ठिकाणी वापर असेल तर फिल्टर दर पंधरा दिवसांनी साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. बाहेरच्या युनिटची कॉइल वीज बंद करून, कमी दाबाच्या पाण्याने धुवावी. जोराच्या फवाऱ्याने पातळ पत्र्या वाकतात.

थंडीत एसी वापरायचाच नसेल तर फिल्टर धुवावा, अर्धा तास नुसता पंखा चालवून आतला ओलावा सुकवावा आणि मग एमसीबी बंद करावा. बाहेरच्या युनिटला प्लास्टिक गुंडाळू नये, आत दमटपणा कोंडून गंज वाढतो. पाली आणि मुंग्या सर्किट बोर्डात शिरतात, म्हणून मार्चमध्ये सुरू करण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी.

‘दरवर्षी गॅस भरावा लागतो’ हे खरे नाही. गॅसचा मार्ग बंदिस्त असतो. गॅस कमी झाला तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी ओतणे. नव्या यंत्रांतील आर-३२ गॅस काही प्रमाणात ज्वलनशील आहे, त्यामुळे हे काम प्रशिक्षित कारागिराकडूनच करून घ्यावे.

ग्राहकाला माहिती कुठे मिळते?

अडचण इथेच आहे. एसीवरचे तारे ऊर्जा दक्षता ब्यूरो देतो, पण ते थंडाव्याचे असतात. वर्षाला १,६०० तास थंड करण्याचा वापर धरून ते ठरतात. पाच तारे पाहून यंत्र घेणाऱ्याला ते गरम करताना किती वीज खाईल हे त्यातून कळत नाही. ‘हॉट अँड कोल्ड’ म्हणून जादा पैसे घेतले जात असतील तर हीटिंगची कार्यक्षमताही त्याच लेबलवर ठळक छापली पाहिजे. तोवर दुकानात हा आकडा मागावा आणि तो मिळाला नाही तर जादा रक्कम मोजू नये. कोकणातल्या वीस थंड रात्रींसाठी घाईने खरेदी करण्याचे कारण नाही. घाई करायची ती बंद खोलीतली शेगडी बाहेर काढण्याची.