लॅपटॉप बिघडला : दुरुस्ती की नवा?



परवा येरमाळ्याला सोयाबीनची उगवणशक्ती तपासायला एका घरी गेलो होतो. कॉलेजातली लेक हिरमुसून बसलेली. लॅपटॉप बंद, परीक्षा तोंडावर. वडील म्हणाले, "साहेब, खता-बियाण्याच्या पैशांतून नवाच घ्यावा म्हणतो."

म्हटले, "दादा, विहिरीवरची मोटार बंद पडली तर लगेच नवी आणता का? आधी स्टार्टर, फ्यूज, केबल बघता ना? इथेही तेच."

तुम्हीही एवढे करा :

१) त्याच जोडणीचा, तेवढ्याच व्होल्टचा दुसरा चार्जर लावून पाहा. बॅटरी फुगली असेल तर मात्र चार्जिंगला लावूच नका.

२) दोष कळल्यावर खर्चाचा अंदाज लेखी घ्या. चार्जर, बॅटरी, कीबोर्ड बदलणे बहुधा परवडते. मंद चालतो म्हणून टाकू नका; जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवली की वेग वाढतो.

३) मदरबोर्ड जळला, यंत्र पाच-सहा वर्षांचे झाले आणि खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त, तर नवा घ्या.

४) विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मोठा खर्च करण्याआधी त्यावर विंडोज ११ चालेल का, ते विचारा.

५) अभ्यासाच्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. यंत्र पुन्हा मिळते, लिहिलेले मिळत नाही.

त्या घरी शेजारचा चार्जर लावला आणि पडदा उजळला. बियाण्याचे पैसे वाचले.

घाईची पेरणी आणि घाईची खरेदी, दोन्ही नडतात.