हरवलेला फॉर्म आणि मेंदूची गडबड

डिसेंबर 2020 मध्ये ॲडलेडला भारताचा डाव 36 धावांत आटोपला. पुढच्याच मेलबर्न कसोटीत कर्णधार अजिंक्य रहाणेने 112 धावा काढून सामना फिरवला. मात्र 2021 या वर्षात त्याच रहाणेची कसोटी सरासरी 21 च्याही खाली आली आणि 2022 च्या सुरुवातीला तो संघाबाहेर गेला. एका वर्षात कोणी बॅट धरायला विसरतो का? मग बिघडते काय?

ताशी 140 किलोमीटर वेगाने आलेला चेंडू फलंदाजापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आतच पोचतो. एवढ्या वेळात विचार करून फटका मारणे शक्य नसते. हजारो चेंडू खेळून ही हालचाल अंगवळणी पडलेली असते आणि लहान मेंदूसह मेंदूचे काही भाग ती आपोआप पार पाडतात. अपयशाची धास्ती बसली की फलंदाज या हालचालीवर पहारा ठेवू लागतो. पाय हलला का, कोपर वर आहे का, असे प्रश्न मनात येतात. जिना उतरताना प्रत्येक पायरीचा विचार केला तर पाय अडखळतो, तसेच हे. त्यात भीतीने ॲड्रेनॅलिन वाढते, छाती धडधडते, खांदे आणि मनगटे आखडतात. झोप बिघडली तर दुसऱ्या दिवशीची एकाग्रताही जाते.

नशिबाचा वाटाही विसरू नये. एखादा अप्रतिम चेंडू, एखादा धावबाद, की चार डाव वाया जातात. त्यावरून ‘संपला’ असा शिक्का मारणे हे एका तपासणीवरून रोगनिदान करण्यासारखे आहे.

अशा वेळी बहुतेक जण सल्ल्यांचा मारा करतात. खरे तर काम कमी करून दिले पाहिजे. 2003-04 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात सचिन तेंडुलकरने पहिल्या पाच डावांत मिळून 82 धावा केल्या होत्या. सिडनीत त्याने कव्हर ड्राइव्ह बाजूला ठेवला आणि नाबाद 241 धावा केल्या. रहाणे मुंबईकडून रणजी खेळत राहिला. जून 2023 मध्ये ओव्हलवरील जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात त्याने 89 आणि 46 धावा केल्या. पुढे वेस्ट इंडीजमध्ये दोन डावांत अवघ्या 11 धावा झाल्या आणि भारतीय संघातली जागा पुन्हा गेली. तरी मार्च 2024 मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली मुंबईने 42 वा रणजी करंडक जिंकला. फॉर्म येतो-जातो, माणूस तोच असतो.

जव्हारजवळच्या शिरपामाळ परिसरात टेनिस बॉलने खेळणाऱ्या पोराला किंवा दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलीलाही हेच लागू आहे. ‘मन कमकुवत आहे’ म्हणून हिणवल्याने पहारा आणखी कडक होतो. पालकांनी आणि प्रशिक्षकांनी आठवडाभर तरी निकालाविषयी बोलू नये. सोपा सराव, पुरेशी झोप आणि थोडी विश्रांती द्यावी.

मात्र उदासी, निद्रानाश, कशातच रस नसणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर तो केवळ फॉर्मचा प्रश्न राहत नाही. आपल्याला जगायचेच नाही, असे कोणी बोलले तर दोन आठवडे थांबूही नये. सरकारी रुग्णालयात दाखवावे किंवा टेलिमानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन करावा. गुडघा दुखला की खेळाडू डॉक्टरकडे जातो, त्यात कुणाला लाज वाटत नाही. मनाच्या दुखण्यालाही तोच न्याय हवा.