दरबाराविना डाव

लखनौचे नाव निघाले की प्रेमचंदांचे दोन खेळगडी अनेकांना आठवतात. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शतरंज के खिलाडी’ या कथेतील मिर्झा सज्जाद अली आणि मीर रोशन अली हे ते दोघे. मिर्झांच्या बेगमेने चिडून सोंगट्या भिरकावल्या, तेव्हा पट मीरसाहेबांच्या घरी गेला. तेथेही निभेना, तेव्हा गोमतीपारच्या एका पडक्या मशिदीत जाऊन बसला. १८५६ साली कंपनी सरकारने नवाब वाजिद अली शाहांचे राज्य घेतले, तरी यांचा डाव चालूच! कर्तव्याला विसरलेल्या या जोडीचे कौतुक आपण करणार नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. राज्य गेले तरी डाव मोडला नाही, कारण पट त्यांच्या काखेत होता.

आज त्याच लखनौत काय, किंवा आपल्या साताऱ्या-सांगलीत काय, मुले संगणकावर दूरच्या मित्राशी पत्ते खेळतात, त्यांचे तसे नाही. त्यांच्या दोघांमध्ये कंपनीचा एक मध्यवर्ती संगणक बसलेला असतो. त्यास सर्व्हर म्हणतात. तो तीन कामे करतो : पत्ते पिसतो, प्रत्येकाचा हात दुसऱ्यापासून झाकून ठेवतो आणि कोणी नियम मोडू लागल्यास अडवतो. हा दरबार उठला की डावही उठला. ‘ड्युएलिस्ट’ नावाचा पट आणि पत्ते यांचा मिलाफ असलेला खेळ २०१६ साली निघाला आणि २७ फेब्रुवारी २०२० रोजी त्याचा सर्व्हर बंद झाला. हौसेने पैसे मोजून जमविलेले पत्ते एका दिवसात निरुपयोगी ठरले. आजोबांचा पत्त्यांचा जोड नातवाच्या हाती येतो. हा जोड मात्र त्याच पिढीत विरला.

मग अधिकृत सर्व्हरवाचून खेळता येते काय? येते, आणि त्याच्या तऱ्हा दोन-तीन आहेत. पहिली तऱ्हा मालकाच्या उदारपणाची. ‘ड्युएलिस्ट’ची आज्ञावली पुढे मालकांनीच सर्वांस खुली केली आणि खेळ नव्या सर्व्हरवर पुन्हा सुरू झाला. दुसरी तऱ्हा मोकळ्या मेजाची. १९९३ साली निघालेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ ‘कॉकट्रिस’ नावाच्या मुक्त आज्ञावलीच्या साहाय्याने पुष्कळजण खेळतात. तिचा सर्व्हर कोणीही आपल्या घरी चालवू शकतो. तो पत्ते पिसतो, हात झाकतो. पण नियम पाळावयास लावीत नाही. ते काम खेळणाऱ्यांच्या सचोटीवर सोपविलेले असते.

तथापि, ज्याच्या घरी सर्व्हर, त्याने दुसऱ्याचा हात चोरून पाहिला तर? या प्रश्नावर १९७९ साली शमीर, रिव्हेस्ट आणि ॲडलमन या तीन गणितज्ञांनी एक नामी युक्ती सुचविली. समजा, गोविंदाने प्रत्येक पत्ता एकेका पेटीत घालून आपले कुलूप लावले आणि पेट्या पिसून यमुनेकडे धाडल्या. यमुनेने त्यांतील पाच पेट्या न उघडता गोविंदास परत दिल्या. तो त्याचा हात. आणखी पाच पेट्यांवर तिने आपलेही कुलूप चढविले व त्या धाडल्या. गोविंदाने आपले कुलूप काढून त्या परत केल्या. यमुनेने आपले काढले आणि स्वतःचा हात पाहिला. कोणी कोणाचे पत्ते पाहिले नाहीत आणि तिसऱ्या पंचाची गरजही पडली नाही! कुलुपांच्या जागी येथे मोठमोठ्या संख्यांचे गणित असते. मूळ युक्तीत पुढे काही फटी आढळल्या आणि त्या बुजविण्याच्या रीतीही निघाल्या.

आता घरातील वडीलधाऱ्यांसाठी दोन शब्द. अधिकृत नसलेला प्रत्येक सर्व्हर निर्मळ असतो, असे नाही. मालकाच्या संमतीवाचून त्याची चित्रे व आज्ञावली वापरणे म्हणजे दुसऱ्याच्या बागेतील फुले तोडणे होय. अनोळखी ठिकाणाहून आज्ञावली उतरवून घेणेही धोक्याचे. खेळाच्या मिषाने चोर घरात शिरतो. आणि पैशाचा डाव तर कोठेही नको. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन खेळांविषयीच्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई केली आहे. मग तो खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. केवळ करमणुकीच्या खेळांस मात्र त्याने वाव ठेवला आहे.

तेव्हा मुलांना खेळू द्यावे, परंतु नवा खेळ विकत घेण्यापूर्वी त्यांना एक प्रश्न अवश्य विचारावा : “कंपनीने उद्या दुकान मिटले, तर यातले तुझे काय उरेल?” काही उरणार नसेल, तर पैसे हात राखून खर्चावेत.

जाता जाता पुन्हा गोमतीपार जाऊ. त्या दोघांजवळ पट होता, वेळ होता, कोणाच्या दरबाराची गरज नव्हती. तरी खेळावरून वाद पेटला, तलवारी उपसल्या गेल्या आणि दोघेही तेथेच पडले. दरबाराविना डाव मांडता येतो. परस्परांवरील विश्वासाविना तो शेवटास नेता येत नाही. तो विश्वास मुलांनी घरच्या सतरंजीवर पत्ते वाटतानाच शिकावयाचा असतो.