म्हाताऱ्यांचा बिल्डर पाकिटातून निघणार काय?

राज्य सरकारनं २०२५ साली गृहनिर्माण धोरण काढलं. नाव ठेवलं 'माझं घर, माझा अधिकार'. त्यात ज्येष्ठांच्या घरांचाही विषय आहे. पांढरपेशे खूष. मी गोदीत गोण्या उचलणारा, मॅट्रिकपर्यंत शिकलेला. सरकारी मराठी वाचताना दाढ दुखते, तरी वाचलं. डोक्यात एकच सवाल घुसला, ही घरं बांधणारा कोण निवडणार? ज्यांची हाडं त्या घरात थकायची आहेत ते, की सीलबंद पाकीट?

पाकिटाचा हिशेब धारावीत बघा. २०२२ चं टेंडर. वीस हजार कोटींची मालमत्ता असेल त्यानंच दारात यावं. पाकिटं फुटली. अदानी ५०६९ कोटी, डीएलएफ २०२५ कोटी. मोठा आकडा जिंकला. उच्च न्यायालयानं २०२४ च्या डिसेंबरात ह्या टेंडरविरुद्धची याचिका फेटाळली. ठीक. मी बेकायदा म्हणतच नाही. मी म्हणतो, ह्या कायदेशीर तराजूत म्हातारी बसत नाही. कोटीच्या आकड्यात गुडघा मावत नाही.

वर पुन्हा कागद. तळमजल्याची झोपडी १ जानेवारी २००० च्या आधीची पाहिजे, तर धारावीत ३५० फुटांचं घर. नंतरची असेल तर धारावीबाहेर. आता सत्तरीची बाई पंचवीस वर्षांपूर्वीचा कागद कुठून आणणार? २६ जुलै २००५ ला मिठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा तिनं नातवंड उचलायचं होतं की रेशनकार्ड?

ज्यांच्याकडे पैका आहे त्यांच्या म्हातारपणाची मात्र सोय होते. महारेरानं २०२४ साली ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी नियम केले. एका मजल्यावर इमारत गेली की लिफ्ट हवी, दरवाजे ९०० मिलिमीटर रुंद हवेत, म्हणजे चाकाची खुर्ची जाईल. झकास नियम. पण जी इमारत ज्येष्ठांसाठी म्हणून विकायला काढली, तिलाच. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या बिल्डिंगीत फुकट घर मिळणाऱ्या म्हाताऱ्याची खुर्ची बहुतेक हवेतून जाते. आणि त्या विकाऊ प्रकल्पांच्या जाहिराती वाचा कधी. बाग, मंदिर, शुद्ध शाकाहारी भोजन. सुक्या बोंबलावर ज्याची हयात गेली त्यानं मरायला तरी तिथं जावं काय?

आणि ज्याला कोणीच नाही? २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा सांगतो, प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी निदान दीडशे जणांचा एक वृद्धाश्रम सरकार काढू 'शकेल'. काढीलच असं नाही. च्यायला, मुकादम आम्हाला कधी म्हणतो काय, गोणी उचलू शकशील?

बीडीडी चाळींचं उदाहरण सांगून कोणी माझं तोंड बंद करील. सांगा. तिथं गोष्ट वेगळी झाली हे मी मान्य करतो. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथं नकाशाची मालकी म्हाडाकडे राहिली, बिल्डर नुसता कंत्राटदार. १६० फुटांच्या खोलीबदली ५०० फूट, मालकीचे, फुकट. बारा वर्षं देखभाल कंत्राटदाराच्या गळ्यात. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीत ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. हे कुणी उदार होऊन दिलं नाही, रहिवासी वर्षानुवर्षं भांडले. पण शिवडीच्या १२ चाळी गोदीच्या जमिनीवर, म्हणून त्या बाहेरच राहिल्या. ज्या पोर्टची जहाजं आमच्या बापजाद्यांनी पाठीवर रिकामी केली, त्याच पोर्टची जमीन आमच्या म्हाताऱ्यांच्या आड आली.

आणि वरळीतही टॉवर चाळीस मजल्यांचे. माझी आजी चाळीच्या गॅलरीत जगते. तांदूळ तिथं निवडते, भांडण तिथं, औषधाची गोळी कुठली ते शेजारच्या पोराकडून वाचून घेणंही तिथंच. रात्री पडली तर चार दारं उघडतात. बंद दाराच्या फ्लॅटात पडली तर सकाळी दूधवाल्याला कळणार. ही गॅलरी कुठल्या टेंडरच्या कागदात लिहिलेली असते? आर्किटेक्टला ती वाया गेलेली जागा दिसते. आजीला विचारा. पण विचारतो कोण, तिची सही नाही, अंगठा आहे.

म्हणून पोरांनो, तुमच्या वस्तीत पुनर्विकासाची मीटिंग लागली की मागं उभं राहून शिट्ट्या मारू नका. टेंडरच्या अटी मराठीत मागा. म्हाताऱ्यांना खाली बसवून मोठ्यानं वाचून दाखवा. पाकिटं फुटायच्या आधी, नंतर नाही. लिफ्ट बंद पडली तर किती तासांत चालू करणार, हे बिल्डरकडून लिहून घ्या, आणि त्यासाठी त्याचे पैसे आधी जमा करायला लावा. दर मजल्यावर बसायला मोकळी गॅलरी. तळाला दवाखाना. ह्या अटी नसतील तर पाच हजार कोटीवाला येवो की दहा हजार कोटीवाला, अंगठा द्यायचा नाही. बिल्डरचा माणूस पेढे घेऊन दारात येईल, आधी म्हाताऱ्यांकडेच येईल. त्या दिवशी पाळी बुडाली तरी चालेल, घरी थांबा.