कॉस्टिक-क्लोरीन कामगारांचे मागणीपत्र

प्रति,
मा. व्यवस्थापन

विषय : क्लोरीन भरणा विभागातील कामाचे तास, कंत्राटी नेमणुका व सुरक्षा

मिठाच्या पाण्यातून वीज गेली की एक टन कॉस्टिकमागे सुमारे 890 किलो क्लोरीन आणि 25 किलो हायड्रोजन निघतोच. हे प्रमाण कोणालाच बदलता येत नाही, आणि आमच्या तक्रारींचे मूळ इथेच आहे. साबण, कागद, कापड, ॲल्युमिना या उद्योगांकडून कॉस्टिकला उठाव आला की सेलहाउसचा वीजभार चढवला जातो. त्याच दिवशी क्लोरीनला गिऱ्हाईक असेलच असे नाही. कॉस्टिक टाकीत थांबू शकतो. क्लोरीन द्रवरूप करून टनरमध्ये, म्हणजे मोठ्या सिलिंडरमध्ये, भरावा लागतो, नाहीतर तो कॉस्टिकमध्ये शोषून घेणाऱ्या हायपो टॉवरकडे वळवावा लागतो. हे सगळे ओझे भरणा विभागावर येते, आणि तिथे कंत्राटी कामगार सलग दुसऱ्या पाळीला उभा असतो.

म्हणून पहिली मागणी : भार ठरवण्याआधी त्या दिवशी किती क्लोरीन भरता, विकता व साठवता येईल ते ठरवावे. भरणा विभागात कोणालाही आठ तासांपेक्षा जास्त ठेवू नये. मर्यादा ओलांडली जात असेल तर भार उतरवावा. एक टन कॉस्टिकला सव्वादोन ते अडीच हजार युनिट वीज लागते, त्यामुळे दर चढा असलेल्या तासांत व्यवस्थापन भार कमी करतेच. विजेच्या बिलासाठी जे जमते ते माणसासाठीही जमले पाहिजे.

भरणा हे बारमाही आणि मूळ उत्पादनाचे काम आहे. ते कंत्राटावर चालवण्याचे कारण आम्हाला आजवर लेखी मिळालेले नाही. वर्षात 240 दिवस भरलेल्यांना सेवाज्येष्ठतेने कायम करावे. सर्वांना एकाच दिवशी घ्या, असा आग्रह नाही. 12 महिन्यांत, दोन टप्प्यांत चालेल.

ब्राइनमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियम अब्जात 20 भागांवर जाऊ नये म्हणून प्रयोगशाळा डोळ्यांत तेल घालून बसते, कारण सेलमधले मेम्ब्रेन महाग आहे. फुफ्फुसांची तपासणी मात्र फक्त कायम कामगारांची होते आणि अहवाल फाइलीत राहतो. भरणा व सेलहाउसमधील प्रत्येकाची, कंत्राटी धरून, दर सहा महिन्यांनी स्पायरोमेट्री करावी आणि अहवालाची प्रत कामगाराच्या हातात द्यावी.

क्लोरीन हवेच्या जवळपास अडीच पट जड आहे. गळला की सखल भागात साचतो. आपली आणीबाणीत एकत्र जमण्याची एकमेव जागा गेटजवळच्या उतारावर आहे! विरुद्ध दिशांना, उंचावर दोन जागा ठरवाव्यात आणि वाऱ्याची दिशा दाखवणारे कापडी मोजे प्रत्येक विभागातून दिसतील असे लावावेत. हा खर्च किरकोळ आहे.

वीज गेल्यावर हायपो टॉवरचा पंप आणि ब्लोअर जनरेटरवर चालू राहतात, असे कागदावर आहे. दर महिन्याला प्रत्यक्ष वीज तोडून चाचणी घ्यावी व त्या वेळी सुरक्षा समितीतील कामगार प्रतिनिधी हजर असावा. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, कारखाने अधिनियमाच्या 1987 च्या दुरुस्तीने, सुरक्षेच्या कारभारात कामगारांचा सहभाग कायद्यात आला. ही सवलत नाही.

जुन्या टनरांबद्दलही सांगणे भाग आहे. 2010 मध्ये मुंबईत शिवडीच्या हाजीबंदरावर पडून राहिलेल्या जुन्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला आणि अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. दाबचाचणीची मुदत संपलेला टनर भरण्यास नकार देण्याचा अधिकार भरणाऱ्याला लेखी द्यावा. नकाराबद्दल पगार कापू नये.

30 दिवसांत चर्चेची तारीख व मुद्देनिहाय लेखी उत्तर मिळावे. न मिळाल्यास संघटना वाद कामगार आयुक्तांकडे समेटासाठी नेईल. पुढे काम थांबवण्याची वेळ आलीच तर कायदेशीर नोटीस दिली जाईल, आणि हायपो टॉवर व गळती-पथकावर तिन्ही पाळ्यांत कामावर राहणाऱ्या सभासदांची यादी त्या नोटिशीसोबत जोडलेली असेल.

अध्यक्ष व सरचिटणीस,
कामगार संघटना