शिवऱ्याचं घर

पुणे-सातारा रस्त्यावर भोर तालुक्यातलं शिवरे. तिथल्या वाडवडिलांच्या घराला चार खोल्या जोडून वृद्धाश्रम काढावा, ही माझी टूम. बँकेतले साहेब म्हणाले, "स्वतः राहणार, तर गृहकर्ज. पैसे घेऊन म्हातारी माणसं ठेवणार, तर तो धंदा, व्याजही चढं. आणि मिळकतपत्रिका?"

आमच्याकडे फक्त ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा! २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोन उडवून गावठाणं मोजतात खरी. पण पत्रिकेवर नावं लागणार पाच, म्हणून तारणाला सह्याही पाच. (वाचकहो, चुलते तुम्हांलाही असतीलच.)

चौघांना राजी केलं. पाचवी काकू, ती तिथं एकटीच राहते. म्हणाली, "करीन रे सही. पण हप्ते थकले न् बँकेनं घर नेलं, तर मला कुठल्या आश्रमात ठेवशील?"

अर्ज अजून माझ्या खिशातच आहे.