मृगाचा किडा व त्याचे भाऊबंद

नागपूरच्या प्रतापनगरांतून एका भगिनीचा प्रश्न आला आहे. त्या लिहितात: "मृगाचा पहिला पाऊस पडला कीं आमच्या अंगणांत तांबड्या मखमलीचे किडे फिरूं लागतात. मुलें ते काड्यापेटींत घालून खेळतात. यांच्यापासून स्क्रब टायफस होतो असें शेजारच्या मंडळींनीं सांगितल्यापासून सासूबाई दिसेल तो किडा उकळत्या पाण्यानें मारावयास लावतात. यांत तथ्य किती?"

सासूबाईंची काळजी अगदीं रास्त आहे. शिक्षा मात्र भलत्यालाच होत आहे. सन २०१८ च्या पावसाळ्यांत नागपुरांत व विदर्भांत या तापाची सांथ आली, तींत कांहीं रोगी दगावलेही. तो ताप माईट नांवाच्या जीवापासून होतो हें खरें, आणि मृगाचा किडा हाही माईटच, हेंही खरें. परंतु एका गांवांत दोन घराणीं असलीं म्हणजे एकाचा अपराध दुसऱ्याच्या माथीं मारावा काय?

प्रथम या पाहुण्याची ओळख करून घेऊं. आपण त्यास किडा म्हणतों, पण शास्त्रदृष्ट्या तो कीटक नव्हे. कीटकास सहा पाय असतात, यास आठ. म्हणून त्याची गणना कोळी, विंचू व गोचीड यांच्या वर्गांत होते. या वर्गांतील माईटांचीं अनेक कुलें आहेत. मृगाचा किडा ज्या कुलांतला, त्यास ट्राँबिडिइडी म्हणतात. हें कुल लीच या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें सन १८१५ मध्यें वेगळें काढलें. संस्कृत कवींच्या वर्षावर्णनांत येणारा इंद्रगोप तो बहुधा हाच, असें अभ्यासक मानतात.

त्याचें जीवन मोठें विलक्षण आहे. मादी मातींत अंडीं घालते. त्यांतून निघणाऱ्या पिल्लास सहाच पाय असतात. तें नाकतोड्यासारख्या कीटकाच्या अंगाला चिकटून त्याच्या शरीरांतील रस शोषतें आणि पोट भरलें कीं गळून मातींत शिरतें. पुढें एक अवस्था निश्चल, एक हिंडतीफिरती, पुन्हां एक निश्चल, अशा पायऱ्यांनीं तें प्रौढ होतें. पहिल्या निश्चल अवस्थेनंतर त्यास आठ पाय येतात, आणि तेव्हांपासून तो परोपजीवी न राहतां शिकारी बनतो. कीटकांचीं अंडीं व वाळवीसारखे मऊ अंगाचे जीव हें त्याचें भक्ष्य. अमेरिकेच्या वाळवंटांतील याच कुलाच्या एका मोठ्या जातीचा अभ्यास टेव्हिस व न्यूएल यांनीं सन १९६२ मध्यें प्रसिद्ध केला. ती जात वर्षाचा बहुतेक काळ जमिनींत काढते आणि पावसानंतर, पंख फुटलेली वाळवी बाहेर पडते त्या सुमारास, अवघे कांहीं तास वर येऊन पोटभर जेवते. आपल्याकडेही पहिल्या पावसानंतरच पंख फुटलेली वाळवी बाहेर पडते. तेव्हां आपला पाहुणा नेमका मुहूर्त कां साधतो, हें सहज ध्यानीं येईल. त्याच्या लाल रंगाचा अर्थ, 'मी बेचव आहें, मला खाऊं नका', असा भक्षकांना इशारा होय. माणसास तो चावत नाहीं.

आतां खऱ्या अपराध्याकडे वळूं. त्याचें कुल ट्राँबिक्युलिडी. मृगाच्या किड्याचें हें भाऊबंदांचें घराणें. यांतील प्रौढ माईटही मातींत राहून कीटकांचीं अंडींच खातात. फरक पिल्लांत आहे. यांचीं पिल्लें कीटकांऐवजीं उंदीर, पक्षी व प्रसंगीं माणूस यांच्या अंगाला चिकटतात. तीं इतकीं सूक्ष्म असतात कीं डोळ्यांस जवळजवळ दिसतच नाहींत. म्हणजे अंगणांत जो ठळक दिसतो तो गुन्हेगार नव्हे, आणि गुन्हेगार आहे तो दिसत नाहीं! असें पिल्लू आयुष्यांत बहुधा एकदांच चावतें. मग रोगजंतु तें आणतें कोठून? तर आईकडून, जंतु अंड्यांतूनच पुढच्या पिढींत उतरतात.

तेव्हां उकळतें पाणी राहूं द्यावें व पुढील गोष्टी कराव्या. घराभोंवतींचें गवत व झुडपें कापावीं, उंदीर वाढूं देऊं नयेत, कपडे गवतावर वाळत घालूं नयेत, आणि गवतांतून आल्यावर अंग साबणानें धुवावें. चावल्यानंतर सुमारें एक ते तीन आठवड्यांत थंडीताप, डोकेदुखी व अंगदुखी सुरू झाल्यास कांख, जांघ, कंबर अशा झांकलेल्या जागीं न दुखणारी काळी खपली आहे काय तें पाहावें. ती प्रत्येकास दिसतेच असें नाहीं. म्हणून खपलीची वाट न पाहतां डॉक्टरांस दाखवावें व आपण गवतांत गेलों होतों हें आवर्जून सांगावें. डॉक्सिसायक्लिनसारखें औषध वेळेवर मिळाल्यास हा ताप बरा होतो. उशीर मात्र जिवावर बेततो.

राहिला मुलांचा प्रश्न. काड्यापेटींतील किडा फार दिवस जगत नाहीं. त्याचे पाय मुलांकडून मोजवून घ्यावे, आठ भरल्यावर तो कोणाचा आप्त हें त्यांनाच विचारावें आणि त्याच दिवशीं त्यास पुन्हां मातींत सोडावा. मात्र त्यासाठीं अंगणांत माती उरली पाहिजे. ज्या घरीं कुंपणापासून पायरीपर्यंत फरशी झाली, तेथें या पाहुण्याला ना अंडीं घालण्यास जागा, ना शिकारीस. तुळशीभोंवतीं चार हात जमीन उघडी ठेवली, तरी त्याची सोय होईल.